दहा वर्षांची हमी

"हिचीही चेन गेली!" सुनेने सतरावी बॅग टेबलावर आपटली.

शाळेच्या बॅगा. विकून सहा महिनेही झाले नव्हते, आणि कारखान्याने प्रत्येकीवर दहा वर्षांची हमी छापली होती. हमीची कल्पना सुनेची. ती चालू ठेवायची की गुंडाळायची, हे आज सासूबाई ठरवणार होत्या. कारखाना त्यांचा, शेवटचा शब्दही त्यांचाच.

समोर मामा बसले होते, सासूबाईंचे धाकटे भाऊ. खरेदी तीस वर्षं त्यांच्याकडे. चार ठिकाणचे भाव मागवायचे आणि सगळ्यांत स्वस्त त्याला ऑर्डर द्यायची. सख्ख्या मेव्हण्यालाही त्यात सूट नव्हती.

"मामा, असल्या भिकार चेना आणल्यातच कशा?"

"भिकार कशाने? वर्षभर टिकली की झालं. वर्षाने पोरं नवी बॅग घेतातच. आपला धंदाच तो."

"तो जुना धंदा! आता आपण दहा वर्षं टिकणारी बॅग विकतो."

मामांनी चष्मा कपाळावर सरकवला. "कधीपासून?"

हमी दुकानादुकानांत झळकत होती. पण खाली मामांच्या खोलीत यायचं ते कापड, दोरा आणि चेना. तयार बॅग तिथे कधी फिरकतच नसे.

सासूबाई सुनेकडे वळल्या. "हमी ठरवलीस तेव्हा याला बोलावलं नव्हतंस?"

"खर्चाच्या नावाने मोडता घालतील, म्हणून..."

"वा गं शहाणे! बारा जणांचं जेवण ठरवलंस, आणि बाजारात जाणाऱ्यालाच सांगितलं नाहीस."

सुनेचा चेहरा लालबुंद झाला. पण पोर खरी होती, सबबी सांगत बसली नाही.

"चुकलंच माझं, आई. मामा, पण दहा वर्षं टिकणारी चेन मिळते तरी का? नसेल, तर हमी आजच बंद करते."

मामांनी खुर्चीखालून आपली डब्याची पिशवी काढली. तिची चेन सर्रकन उघडली, मिटली, पुन्हा उघडली.

"हिचं अकरावं वर्ष चालू आहे, सूनबाई. वर्षभराच्या बॅगेला एवढी चांगली कशाला, म्हणून कारखान्यात कधी आणली नाही."