अर्धं बोट

शाळा सुरू व्हायच्या आधी चर्चच्या मागच्या हॉलमध्ये आम्ही गरजू मुलांना बूट वाटतो. एकेकाचं माप घेत बसायला वेळ नसतो, म्हणून आयांना सांगून ठेवलंय: मुलाला कागदावर उभं करा, पायाभोवती पेन्सिल फिरवा आणि तेवढा कागद कापून आणा. कागद ज्या बुटात नीट बसेल, तो जोड तुमचा.

इमारतींचे जिने पुसणाऱ्या एका बाईंचा कागद हातात घेतला आणि माझं डोकंच फिरलं. इतका गुळगुळीत पाय कुठल्या मुलाचा असतो? पेन्सिलीने गुदगुल्या होतात, मुलं हलतात, टाचेपाशी रेघ हमखास वाकडी जाते.

"पोराला उभं न करताच काढलंत ना? मग बूट चावले की आमच्या नावाने बोटं मोडाल."

"उभं करायला तो माझ्याकडे नाही," त्या म्हणाल्या. "तीन वर्षांपूर्वी त्याचा बाप घेऊन गेला. कुठे, ते माहीत नाही. मी दर वर्षी अर्धं बोट वाढवून काढते."

"आणि आधीचे दोन जोड?"

"पलंगाखाली आहेत."

मागे रांग दारापर्यंत गेली होती. कागदाच्या मापाचे बूट मी उचलले, पण ते मला देताही येईनात, परत ठेवताही येईनात. त्यांनी मात्र बुटांकडे पाहिलंच नाही. कागदाच्या अंगठ्यावर हलकेच बोट ठेवून त्यांनी विचारलं, "ताई, तुम्ही एवढ्या मुलांचे पाय बघता. नऊ वर्षांच्या मुलाचा एवढा होतो ना?"