अकरावा फ्यूज

डिकीत मोबाइलचा कॅमेरा चालू ठेवून इलेक्ट्रिशियनने झाकण दाबलं, पाच आकडे मोजले, पुन्हा उघडलं आणि चित्रण बघितलं. झाकण लागताच आतला दिवा विझत होता. "हा वीजचोर नाही, काका," तो स्टुलावर बसलेल्या म्हाताऱ्याला म्हणाला.

गाडी वीस वर्षांची, बॅटरी दोन महिन्यांची. तरी चार-पाच दिवस उभी राहिली की बॅटरी ठार. असलं दुखणं म्हणजे जिवाला घोर. वरून सगळं शहाण्यासारखं बंद, आणि आत कुठली तरी वायर गुपचूप वीज पीत बसलेली. एरवी इलेक्ट्रिशियन अशा वेळी गाडीला आणि ती बनवणाऱ्याच्या खापरपणजोबांना नावं ठेवत काम करायचा. आज त्याची जीभ गप्प होती, कारण म्हाताऱ्याने आल्या आल्याच सगळं सांगून टाकलं होतं.

दोन महिन्यांपूर्वी, भर दुपारी, त्याच्या बायकोच्या छातीत कळ आली. म्हातारा तापाने पाच दिवस पडून होता, गाडी जागची हलली नव्हती. तिला धरून कसंबसं पुढच्या सीटवर बसवलं, किल्ली फिरवली, तर नुसतं कट कट. दवाखान्याची गाडी यायला पाऊण तास लागला. तोवर ती त्याच सीटवर गेली. संध्याकाळी मुलगा आला, "दिवे चालू राहिले असणार तुमच्याकडून," एवढंच बोलला, आणि तेव्हापासून बापलेकांत कामापुरतं बोलणं. नवी बॅटरी मुलानेच आणून बसवली. तीही चौथ्या-पाचव्या दिवशी झोपायला लागली, तेव्हा म्हाताऱ्याच्या मनात पाल चुकचुकली.

"मला एवढंच सांगा, मिस्त्री," तो म्हणाला होता. "ते माझ्या हातून झालं का?"

इलेक्ट्रिशियनने बॅटरीची एक वायर सोडवून मधे मीटर जोडला. सगळं बंद असताना काटा शून्याला टेकायला हवा. तो बराच पुढे अडून बसला होता. मग एकेक फ्यूज काढायचा, काट्याकडे बघायचं, परत बसवायचा. हेडलाइटचा फ्यूज आला तेव्हा म्हाताऱ्याने श्वास धरून ठेवला. काटा हलला नाही. हॉर्न, पंखा, वायपर, काटा आपला ढिम्म. अकरावा फ्यूज ओढला आणि काटा झटक्यात शून्यावर आला.

तो फ्यूज टेपचा होता. इलेक्ट्रिशियनने टेप खाचेतून बाहेर ओढला, मागच्या वायरी बघितल्या आणि त्याचा चेहरा खुलला. एक वायर कायम चालू राहणारी असते, दुसरी किल्लीबरोबर बंद व्हायला हवी. इथे कुणीतरी दोन्ही एकत्र पिळून टाकल्या होत्या. किल्ली काढली तरी टेप आतून रात्रंदिवस जागाच.

"सुटलात, काका!" तो म्हणाला. "तुमचा काडीचा दोष नाही. ज्या शहाण्याने हा टेप बसवला ना, त्याने घात केला."

म्हातारा उठून जवळ आला. जोडावर काळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती आणि तिचं टोक नीट आत दुमडलेलं होतं. त्याने ते दोन बोटांत धरलं. पट्टी नख न लावता सुटली.

"आमच्या हिची सवय," तो हळू आवाजात म्हणाला. "पुढच्या वेळी टोक शोधत बसायला नको म्हणून दुमडायची. घरात आता एकालाच आहे ती."

मग त्याने सांगितलं, की तिच्या कॅसेटा चालाव्यात म्हणून मुलाने जुन्या बाजारात हिंडून हा टेप आणला होता. तिच्या वाढदिवशी सकाळभर गाडीत वाकून बसवला होता, कुणाला हात लावू दिला नव्हता. इलेक्ट्रिशियनला वाटलं, आपण जीभ चावली असती तर बरं झालं असतं. त्याने दोन्ही वायरी वेगळ्या केल्या, जिथल्या तिथे जोडल्या, टेप परत खाचेत सरकवला आणि फ्यूज व बॅटरीची वायर पुन्हा लावली.

तेवढ्यात मुलगा आला. कामावरून तसाच आला होता, शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. त्याने बापाकडे न बघता इलेक्ट्रिशियनलाच विचारलं, काय निघालं.

"डिकीचा दिवा," म्हातारा मधेच म्हणाला. "झाकण मी नीट दाबत नव्हतो. दिवा जळत राहायचा."

मुलाने इलेक्ट्रिशियनकडे बघितलं. उभ्या आयुष्यात या मिस्त्रीने गिऱ्हाइकाला खोटा फॉल्ट सांगितला नव्हता.

"हो," तो म्हणाला. "डिकीचाच."

मुलगा डिकीकडे वळला. त्याचे डोळे भरून आले होते. मग दोन महिन्यांत पहिल्यांदाच त्याने बापाच्या खांद्यावर हात ठेवला.

"जाऊ द्या, बाबा. वय झालं की होतं असं. मी नाही धरत मनात."

"बरं," म्हातारा म्हणाला.

तो जाऊन पुढे, तिच्या सीटवर बसला. पट्टीचा तुकडा अजून त्याच्या मुठीत होता. मुलाने किल्ली फिरवली, गाडी एका दमात सुरू झाली, आणि टेपमध्ये तशीच राहिलेली कॅसेट मधूनच गायला लागली. मुलाने दचकून बंद करायला हात पुढे केला.

"राहू दे," म्हातारा म्हणाला. "छान बसवलायस तू."