माफीचं गाणं

गायकानं तरुणपणी सरकारविरुद्ध रान उठवणारी रॉक गाणी गायली होती. अशाच एका कार्यक्रमात पोलीस घुसले, तेव्हा तो मागच्या दारानं सटकला आणि त्याचा गिटारवाला मित्र तावडीत सापडला. पोलिसांनी मित्राचा डावा हात असा मोडला, की त्याची बोटं पुन्हा तारांवर फिरलीच नाहीत.

पन्नाशी उलटल्यावर गायकानं नव्या अल्बमसाठी त्याला स्टुडिओत बोलावलं. "एका गाण्यात तुझे चार शब्द हवेत," एवढंच म्हणाला.

मित्र हेडफोन लावून माइकसमोर बसला. गाणं सुरू झालं. ज्यांनी ज्यांनी काठ्या चालवल्या, त्या सगळ्यांना मी माफ केलं, असं गायक त्यात आळवून आळवून सांगत होता.

मित्रानं हेडफोन काढून आपटला.

"हे काय नवीन?"

"आरडाओरडा पुष्कळ झाला रे. या वयात माणसानं मन मोठं करावं."

"मार मी खाल्ला. हात माझा गेला. माफ करणारा तू कोण? इतक्या वर्षांत एकदा तरी घरी येऊन विचारलंस, कसा आहेस म्हणून? अजून माझ्या शर्टाची बटणं बायको लावते!"

त्याचा आवाज फाटला.

गायकाचे डोळे भरून आले. मग काचेपलीकडच्या रेकॉर्डिस्टकडे वळून त्यानं हळूच विचारलं,



"रेकॉर्ड झालं ना सगळं?"