हॅदरकोटचं गायरान

जिन्याच्या चौथ्या पायरीवर ॲम्ब्रोज थर्लबी थांबले. संधिवाताचा पाय पुढे पडेना. तीन दिवस धक्के खात त्यांची बग्गी आत्ता कुठे लंडनला पोचली होती, आणि पार्लमेंटच्या घड्याळात चार वाजून गेले होते.

"सावकाश, साहेब," दरवान म्हणाला. "आज आत गर्दी नाही. निम्मे शर्यतीला, निम्मे गावी. उद्या अधिवेशन संपणार, आज कोण मरायला येतंय?"

"हॅदरकोटच्या गायरानाचं विधेयक झालं का रे?"

"अजून कशालाच हात लागला नाही."

थर्लबींचा जीव भांड्यात पडला.

सभासद म्हणून अकरा वर्षांत ते चारदा या सभागृहात आले असतील. गायरानाला कुंपण घालून ते जमीनदाराच्या हवाली करायचं विधेयक मार्चमध्ये आलं, तेव्हा हे कोल्ह्यांच्या शिकारीत दंग. मग एका रविवारी टॅबिथा गॉर्सनं त्यांना चर्चच्या दारातच अडवलं. विधवा बाई, एक गाय आणि सात बदकं, एवढाच संसार.

"कुंपण घातलं की गाय कसायाला आणि मी गरीबखान्यात. मालक, तुम्ही आमचेच ना?"

"माझ्या एकट्यानं काय होणार, बाई?"

"होवो न होवो. तुम्ही तिथं उभं राहून नाही म्हणा. स्तोत्र गाताना मी तरी कुठं सुरात असते? देव ऐकतोच की."

त्या दिवशी सगळे गात होते आणि थर्लबींच्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

ते दार ढकलून आत आले. कुणी संत्रं सोलत होतं, कुणी बाकावर आडवं होऊन घोरत होतं. सभापती उभेच होते. त्यांनी हातातली टोपी नेमकी थर्लबींकडे केली. इतका मान मिळालेला पाहून म्हातारा संकोचला. त्यानंही टोपी काढून लवून नमस्कार केला. सभापती खुर्चीत बसले.

"थर्लबी, जिवंत आहात?" शेजारचा कुजबुजला. "आम्ही वर्गणी काढणार होतो, फुलांसाठी."

"पाय तेवढा मेलाय. बाकीचा आहे अजून."

एका रस्त्याचं विधेयक झालं. एका गृहस्थाचं आडनाव बदलायचं विधेयकही झालं. मग हॅदरकोट.

"अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावं."

आळसावलेले होय उमटले.

"प्रतिकूल?"

थर्लबी काठीवर भार देऊन उठले. "नाही."

आवाज थेट मागच्या भिंतीपर्यंत गेला. घोरणारा दचकून उठून बसला. त्यांच्यामागे मात्र दुसरा नकार आला नाही. विधेयक मंजूर झालं.

बाहेर येताना त्यांचे डोळे भरून आले होते. गायरान गेलंच. पण मार्चमधलं पाप थोडं तरी फिटलं. टॅबिथाला निदान तोंड दाखवता येईल.

जिन्यापाशी जमीनदाराचा वकील लोडर धावत आला आणि त्यानं त्यांचे दोन्ही हात धरले.

"फार उपकार झाले, साहेब."

"उपकार? लोडर, मी तुमच्या विरोधात बोललो."

"ते चालायचंच. चाळीस सभासद भरले नाहीत तर बैठक रद्द, आणि आज बैठक रद्द म्हणजे अधिवेशनाबरोबर आमचं विधेयकही मेलं. सभापती टोपीनं एकेक डोकं मोजत एकोणचाळीसवर येऊन अडले होते, मी तर कागद गुंडाळायला घेतले होते, तेवढ्यात दार उघडून तुम्ही आत आलात."