फुकटचा धडा

सान पेद्रो सुला शहरात दायानिरा बायकांना फोनवरून थेट व्हिडिओवर स्वसंरक्षण शिकवायची. पहिला धडा फुकट होता. पुढच्याची फी सांगितली की बायका एकेक करून निघून जायच्या. आजही ती फी सांगत होती, तेवढ्यात तिने सोडलेला नवरा विल्मेर दार फोडून आत घुसला. मागून केस धरून त्याने तिचं डोकं भिंतीवर आपटलं.

"आता शिकव की, मास्तरीणबाई."

तिने कोपर मागे हाणलं. त्याच्या नाकाचं हाड मोडलं. दुसऱ्या तडाख्याला तो शुद्ध हरपून खाली कोसळला.

डोळ्यांवर आलेलं रक्त पुसत तिने फोन उचलला. एकही बाई गेली नव्हती. एकीने लिहिलं होतं, "ताई, फी भरली. नवरा अंघोळीला गेलाय. तो बाहेर यायच्या आत ते कोपराचं परत एकदा दाखवा, जरा सावकाश."