भाकरीच्या आधी

प्रभुभोजनाची छोटी पेटी उघडून पाळकसाहेबांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "मावशी, भाकर घेण्याआधी काही कबूल करायचं आहे का?"

रीतच होती ती. आजाऱ्याला प्रभुभोजन द्यायचं तर आधी कबुली, मग भाकर, मग प्याला. बहुतेक जण नुसती मान हलवतात आणि पाळक प्रार्थनेला लागतो. दवाखान्यात कोणी कोणाला ताणत नाही.

पण मावशींना कुठलीच गोष्ट उरकून टाकता येत नसे. त्यांनी लेकीला उशी वर करायला लावली, जरा दम खाल्ला आणि म्हणाल्या, "ती इस्त्री. माझ्याकडून चालू राहिली. देवाचं घर जाळलं मी. तुम्हीही मला माफ करा, पाळकसाहेब."

पाळकसाहेबांच्या हातातला इवलासा प्याला हातातच राहिला.

वेदीच्या कापडांना इस्त्री करायचं काम मावशींच्या आईचं, तिच्यामागे मावशींचं. दर शनिवारी संध्याकाळी त्या वेदीमागच्या खोलीत ते करत. आग लागली त्या शनिवारी त्या कुलूप लावून गेल्यावर पाळकसाहेब आपल्या किल्लीनं आत आले होते, झग्याच्या चुण्या मोडायला. मध्येच फोन आला आणि बोलत बोलत ते घरी गेले. पहाटेपर्यंत ती खोली आणि शेजारचा जुना ऑर्गन, दोन्हींची राख झाली. चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचांनी विचारलं तेव्हा पाळकसाहेब खोटं बोलले नाहीत. शनिवारी इस्त्री वेदीच्या कापडांसाठी लागते, एवढंच म्हणाले. तेवढं पुरलं. चोर सोडून संन्याशाला फाशी. इथे तर संन्याशानंच आपल्या हातानं दोर गळ्यात घालून घेतला. मावशी भर मंडळीत उभ्या राहिल्या, रडल्या, माफी मागितली. त्याच रविवारी पाळकसाहेबांनी क्षमेवर असा उपदेश केला की लोकांनी डोळे पुसले. मेंढपाळ असावा तर असा, म्हणाले.

"प्लग काढल्याचं मला आठवतं हो," मावशी आता सांगत होत्या. "डोक्याला नाही, हाताला आठवतं. पण तुम्ही म्हणालात म्हणजे राहिलाच असणार. तुम्ही कशाला खोटं सांगाल?"

तेव्हापासून त्यांचा आपल्या हातांवरचा भरवसाच उडाला होता. गॅस बंद केलाय ना, हे बघायला त्या अर्ध्या रस्त्यातून परत येत. मग स्वयंपाकच सोडला. पुढे नात झाली, तर तिला एकदाही उचलून घेतलं नाही. लेक बाळाला पुढे करी आणि त्या हात पाठीमागे घेत. माझ्या हातून काहीतरी व्हायचं, म्हणत. लेकीनं हे सगळं कोरडेपणानं सांगितलं, कारण त्यावर तिचं रडून झालं होतं.

बायबलातल्या दावीद राजाला निदान त्याचं पाप तोंडावर सांगणारा संदेष्टा भेटला होता. पाळकसाहेबांनी ती गोष्ट किती वेळा रंगवून सांगितली असेल. इथे मरणाला टेकलेली बाई त्यांच्याच पापाची माफी त्यांच्याचकडे मागत होती. 'क्षमा झाली' एवढं म्हटलं की झाकली मूठ कायमची झाकलेली राहणार होती, आणि मावशीही सुखानं डोळे मिटणार होत्या. ते शब्द ओठांवर आलेसुद्धा.

"इस्त्री माझ्याकडून चालू राहिली, मावशी," ते म्हणाले. "तुम्ही गेल्यावर मी आलो होतो. मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे."

लेक खुर्चीवरून उठली आणि तशीच उभी राहिली. मावशींनी नजर छताकडे वळवली. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"म्हणजे मी काढला होता," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

पाळकसाहेब रडायला लागले. रविवारी सगळ्या मंडळीला सांगतो, पंचांकडे राजीनामा देतो, असं काहीबाही ते बोलत होते.

"रविवारपर्यंत मी कुठली," मावशी म्हणाल्या. "बाहेर आहेत ना सगळे? त्यांना सांगा. मला ऐकू येईल असं सांगा."

बाहेर व्हरांड्यात दोन पंच आणि गायनमंडळातल्या बायका थांबल्या होत्या. मावशींसाठी गीत म्हणायला आल्या होत्या. नात त्यांच्यातल्याच एकीच्या खांद्यावर झोपली होती. पाळकसाहेबांनी पेटी मिटली. आज भाकर माझ्या हातची नको, पंचांपैकी कोणी देईल, एवढं म्हणून त्यांनी दार सताड उघडलं. पंचांना वाटलं, संपलं सगळं. एकानं टोपी काढून हातात घेतली. पाळकसाहेबांनी दारातच उभं राहून इस्त्रीचं सांगितलं, आणि पंचांपुढे आपण काय बोललो होतो तेही शब्दाला शब्द सांगितलं. एरवी घुमणारा तो आवाज आज जेमतेम खाटेपर्यंत पोहोचला. आगीनंतर मावशींना वेदीच्या पायरीवर पाऊल ठेवू न देणारी एक बाई भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

मावशींचं तिकडे लक्षच नव्हतं. "बाळाला आण," त्या लेकीला म्हणाल्या.

लेकीनं झोपलेली मुलगी आणली आणि आईच्या कुशीत ठेवली. मावशींनी दोन्ही हातांनी तिला धरायचा प्रयत्न केला, पण त्या हातांत आता जीवच उरला नव्हता. ते बघून लेकीनं खालून हळूच आपला हात लावला.

"तू हात काढ," मावशी म्हणाल्या.