टाचेची रेघ

सतरा वर्षं प्रत्येक सामन्याआधी गोलकीपर डेन्झिल गोलसमोर टाचेनं रेघ ओढायचा. पाठीमागच्या खांबांचा मध्य त्याला तिच्यावरून न वळता कळायचा. मैदान राखणारा म्हातारा विल्फ तेवढीच वर्षं करवादत होता, "गोल खातोस ते खातोस, वर माझं गवत कशाला उकरतोस, गाढवा?" मे महिन्यात क्लबनं पुढच्या मोसमासाठी ठेवलेल्या खेळाडूंची यादी दारावर लावली. तिच्यात डेन्झिल नव्हता. छत्तिसाव्या वर्षी कुठला क्लब विचारणार! हातमोजे न्यायला तो आला, तेव्हा विल्फ गोलसमोरच्या उघड्या मातीत बी पेरत होता. त्याला पाहून विल्फनं दंताळं बाजूला ठेवलं. "ओढ बाबा रेघ. आज काही बोलणार नाही." डेन्झिलनं टाच उचलली, रेघेसाठी मध्य धरायला सवयीनं मागं पाहिलं. खांब उन्हाळ्यापुरते काढून नेलेले. टाच अधांतरीच राहिली. "काका," त्यानं विचारलं, "मी नेमका कुठं उभा राहायचो हो?"